शाळा व्यवस्थापन समितीवर कोणाला पाठवायचं, आणि तो माणूस ओळखायचा कसा

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पालकसभा होती. व्हरांड्यात सतरंज्या टाकलेल्या, तीसेक बाया, दहा-बारा गडीमाणसं, आणि सगळ्यांनाच वावरात जायची घाई. सरांनी विषय वाचला, शाळा व्यवस्थापन समितीची पुनर्रचना. मागून एकाने घडी केलेला कागद काढला आणि एका दमात नावं वाचली, कोणीतरी टाळ्या वाजवल्या म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या, वहीवर सह्या झाल्या आणि पंधरा मिनिटांत सगळे उठले. तिसरं नाव जिचं होतं ती माझ्या शेजारीच बसलेली, तिने मला हळूच विचारलं, "ताई, माझं नाव कशात घेतलं?"

तेव्हा मलाही नीट सांगता आलं नाही. पुढे मी स्वतः त्या समितीत दोन वर्षं काढली, आणि आता परत निवडीची वेळ आलीय म्हणून हे सगळं लिहितेय. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपण महिनाभर पारावर बसून एकेकाची कुंडली काढतो, आणि जी समिती आपल्या लेकरांचं जेवण, पाणी, संडास, वर्गखोल्या आणि शाळेचा पैसा बघते तिची माणसं मात्र चहा गार व्हायच्या आत ठरतात, हे मला फार लागतं मनाला.

आधी ही समिती म्हणजे काय ते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती आहे. त्याआधी आपल्याकडे ग्राम शिक्षण समिती असायची. सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांना ही समिती लागते. महाराष्ट्रात ती १२ ते १६ जणांची असते, मुख्याध्यापक सदस्य सचिव म्हणून वेगळे. त्यातले ७५ टक्के पालक पाहिजेत, म्हणजे १२ ची समिती असेल तर ९ पालक, आणि उरलेल्या तिघांत एक स्थानिक संस्थेचा निवडून आलेला सदस्य, एक शिक्षक, एक शिक्षणाची जाण असलेला गावातला माणूस. एकूण सदस्यांत निम्म्या बाया. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच. शिवाय दोन विद्यार्थी, त्यांना मत नसतं. मुदत दोन वर्षं, आणि महिन्याला एक बैठक.

खासगी विनाअनुदानित शाळेत लेकरू असेल तर तुमचा कायदा वेगळा, तिथे पालक शिक्षक संघ असतो आणि फी ठरवण्यात ज्या कार्यकारी समितीचा हात असतो तिचे पालक लॉटरीने निघतात, तिथे निवडायचा प्रश्नच नाही. मी इथे बोलतेय ते आपल्या झेडपीच्या शाळेबद्दल.

आता कामं. शाळा नीट चालते का बघायचं, शाळा विकास आराखडा बनवायचा आणि आलेलं अनुदान कुठे खर्च होतं ते बघायचं. कागदावर ह्या तीन ओळी आहेत, पण गावात त्याचा अर्थ बराच मोठा होतो. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून शाळेला पटाप्रमाणे वर्षाचं संयुक्त अनुदान मंजूर असतं, ३१ ते १०० पट असेल तर २५ हजार, १०१ ते २५० असेल तर ५० हजार, आणि त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात. शाळेच्या पैशाचा व्यवहार अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सहीने चालतो. म्हणजे पालकांनी पाठवलेल्या माणसाची सही पडल्याशिवाय तो पैसा हलत नाही. समितीच्या हातात खरी ताकद असेल तर ती ह्या सहीत, म्हणून माणूस निवडताना पहिला विचार हाच करायचा की हा माणूस वाचून सही करणार, का पुढे केलेल्या पानावर पेन टेकवणार.

आमच्या समितीत एक आजी होत्या. कायद्यात "आईवडील किंवा पालक" असं आहे, म्हणजे लेकरू जो सांभाळतो तो, आणि आमच्या बीड जिल्ह्यात निम्मी घरं ऊस तोडायला साखर कारखान्याला गेली की लेकरं आजीकडेच असतात. शिक्षणाची अट नाही. ह्या आजींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अंगठा लावायच्या. पण त्या रोज नातवाला सोडायला यायच्या, मग खिचडी शिजत असली की तिथेच उंबऱ्यावर टेकायच्या आणि ताटं मोजायच्या. एक दिवस बैठकीत मला म्हणाल्या, "बाई, आज ताटं अडतीस लागली, तू रजिस्टर बघ बरं." रजिस्टरला ५२ होते. पहिली ते पाचवीला लेकरामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरतात (सहावी ते आठवीला तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम). ५२ चे झाले ५ किलो २०० ग्रॅम तांदूळ, ३८ चे ३ किलो ८००. फरक रोजचा १ किलो ४०० ग्रॅम, आणि महिन्याला २२ दिवस शाळा धरली तर तीस किलोच्या वर. कोणाची चूक, कशी झाली त्यात मी आता जात नाही, पण त्या बैठकीनंतर दुसऱ्याच आठवड्यापासून व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज पट किती, हजर किती, तांदूळ किती घेतला हे लिहायला लागले, आणि ते आजही लिहितात. समितीत आमच्या दोन ग्रॅज्युएट माणसं होती, त्यांच्या लक्षात हे कधीच आलं नव्हतं कारण ती शाळेत कधी यायचीच नाहीत.

म्हणून मी म्हणते, शिक्षण किती झालं हे बघू नका असं नाही, पण ते पहिलं बघू नका. शाळेच्या फाटकात जो रोज दिसतो तो माणूस बघा.

आता नावं पुढे आली की काय विचारायचं. आमच्याकडे विचारायची पद्धतच नाही, लोकांना वाटतं प्रश्न विचारला म्हणजे त्याचा अपमान केला. पण सरळ, गोडीत विचारता येतं. पहिलं, तुमचं लेकरू कितवीला आहे. हे साधं वाटतं पण ह्याला मोठा अर्थ आहे, कारण लेकरू शाळेतून बाहेर पडलं की पालक म्हणून जागाही जाते. आपली शाळा चौथीपर्यंत आणि ह्याचं लेकरू चौथीला, म्हणजे हा माणूस वर्षभराचाच. आणि लेकरू ह्या शाळेत नाहीच, तालुक्याला इंग्लिश मीडियमच्या बसमध्ये जातं, तर तो पालक म्हणून बसूच शकत नाही, मग तो गावात कितीही मोठा असू दे. जो स्वतःचं लेकरू इथे ठेवतो त्याला गळणारा स्लॅब रात्री झोपू देत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

दुसरं, मागच्या वर्षात शाळेत किती वेळा आलात आणि कशासाठी. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी सोडून सांगा म्हणावं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो, शाळेत पहिलं काय बदलायचं. ह्याचं उत्तर नीट कान देऊन ऐका. एकजण म्हणेल शाळेचा सर्वांगीण विकास करू, शाळा डिजिटल करू. दुसरी म्हणेल मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, त्यामुळे पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत. ही दुसरी बाई घ्या, डोळे झाकून घ्या. तिने बघितलंय, आणि जिने बघितलंय ती पाठपुरावा करते. तिला भाषण येत नसलं तरी चालतंय, ठराव लिहायला सदस्य सचिव आहेत.

आणि कोणी म्हणालं की मी अमुक सरांची बदली करून दाखवतो, किंवा चांगले मास्तर आणून देतो, तर समजून जा की ह्याला समितीचं काम माहीत नाही. बदल्या जिल्हा परिषद करते, समितीला तो अधिकार नाही. समिती काय करू शकते, तर शिक्षक कमी असतील तर लेखी मागणी करू शकते. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ असं धरलंय. पट ७० आणि शिक्षक दोन, तर ठराव करायचा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचा, पोच घ्यायची, महिन्याने परत जायचं. हे कंटाळवाणं काम आहे, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकता येत नाही, पण मास्तर येतो तो ह्यानेच. जो माणूस अशा कामाला चिकाटीने लागेल असं वाटतं त्याच्याकडे बघा.

मास्तरांच्या विरोधात उभा राहणारा माणूस हवा असं बऱ्याच जणांना वाटतं, मला ते पटत नाही. कलम २७ प्रमाणे शिक्षकांना जनगणना, आपत्तीची कामं आणि निवडणुकीची कामं एवढीच बाहेरची कामं देता येतात. तरी आमचे सर कधी ह्या ॲपवर माहिती भरतायत तर कधी त्या मिटिंगला केंद्रावर. अशा वेळी वर्गावर कोणी नसतं ही आपल्याच लेकराची हानी, आणि सरांची बाजू घेऊन वर पत्र लिहिणारा पालकही समितीत पाहिजे. तोच पालक उद्या हजेरी चुकली तर तोंडावर विचारतो, आणि सरही ते ऐकून घेतात कारण त्यांना माहीत असतं की हा आपल्यासाठीही उभा राहिला होता. मुख्याध्यापकांचं सगळं ऐकणारा नको आणि रोज भांडण उकरणाराही नको. सरपंचालाही नाही म्हणू शकणारा पाहिजे, हे अवघड आहे, भावकीत तर फारच अवघड, पण एखादी तरी व्यक्ती अशी असतेच गावात, सगळ्यांना माहीत असते ती.

एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही ती बोलते. ज्याचं शाळेच्या कंपाउंडचं काम चालू आहे, किंवा जो धान्य, साहित्य, फर्निचर काही पुरवतो, त्याला समितीत घेऊ नका. माणूस चांगला असेल, तरी नको. बिल देणारा आणि बिल मंजूर करणारा एकच झाला की बाकीच्यांची बोलायची सोय राहत नाही.

आधी समितीत असलेला कोणी परत उभा असेल तर काम सोपं आहे. सभेच्या आधी शाळेत जा आणि प्रोसिडिंगची वही बघायला मागा. दोन वर्षांत महिन्याला एक म्हणजे २४ बैठका पाहिजेत. किती झाल्यात ते मोजा, त्यात ह्या माणसाची सही किती ठिकाणी आहे ते मोजा. मग ठरावाखाली बघा, सूचक आणि अनुमोदक म्हणून कोणाची नावं येतात. प्रत्येक ठरावाला तेच दोघं असतील तर बाकीचे नुसते बसून आलेत. सहा बैठकांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच हाताच्या ओघात झालेल्या दिसतात कधी कधी, ते नजरेला लगेच कळतं. आमच्या आधीच्या वहीत तर तीन महिन्यांचा मजकूर शब्दाला शब्द तोच होता, फक्त तारीख बदललेली. आणि शाळेचा ११ अंकी यू-डायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख नंबर, घेऊन मोबाईलवर शाळेची माहितीही बघा, पट किती, खोल्या किती, मुलींचं संडास "चालू" लिहिलंय का. कागदावर चालू आणि प्रत्यक्षात कुलूप असेल, तर जुन्या सदस्याला तेवढं एकच विचारा.

बायांच्या जागांबद्दल. निम्म्या बाया हा नियम आहे म्हणून नावं भरली जातात, आणि मग बैठकीला नवरा येऊन बसतो, सही घरी जाऊन घेतली जाते. सभेत त्या बाईला समोर विचारा, ताई तुम्ही स्वतः येणार का, बैठक किती वाजता ठेवली तर जमेल. ती म्हणाली संध्याकाळी पाचनंतर, तर ते लिहून घ्यायला लावा. बैठक सकाळी अकराला ठेवली की रोजंदारीवाली बाई येणारच नाही, तिची मजुरी बुडते, आणि मग म्हणायचं बायांना रस नाही. शेजारी बसलेली ती जी बाई मला विचारत होती माझं नाव कशात घेतलं, तिला आम्ही वेळ बदलून दिली, त्यानंतर तिची एकही बैठक चुकली नाही. पाण्याच्या टाकीत उतरून तिने स्वतः तळ बघितला होता, बोटभर गाळ होता, दोन महिन्यांतून एकदा टाकी धुवायची हा ठराव तिचा आहे.

आणि वस्ती, तांडा, वाडी. कायद्यात आहे की वंचित आणि दुर्बल घटकांतली लेकरं ज्या प्रमाणात, त्याच प्रमाणात त्यांचे पालक समितीत. शाळेत निम्मी लेकरं तांड्यावरची आणि समितीत तांड्यावरचा एक, हे बरोबर नाही, आणि तो एकसुद्धा कोणीतरी दुसऱ्याने सुचवलेला असतो. त्यांचं नाव त्यांनाच सुचवू द्या. आमच्याकडे तर ह्याला दुसरंही कारण आहे. ऊसतोडीसाठी उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलेली असते, दिवाळीच्या सुमाराला कोयता, म्हणजे तोडणीला जाणारी नवरा-बायकोची जोडी, बाहेर पडतो आणि पार मार्च-एप्रिलपर्यंत घर बंद. त्या लेकरांनी गावात राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृह चालतं, आणि ते चालवायचं काम ह्याच समितीकडे असतं. जेवण कोण बनवणार, लेकरं कोणाकडे झोपणार, यादीत नाव कोणाचं, हे सगळं. आता त्या वसतिगृहाचा निर्णय घेणाऱ्यांत कारखान्याला जाणाऱ्या घरचं कोणीच नसेल तर कसं व्हायचं. लोक म्हणतात ते सहा महिने नसतात, कशाला घ्यायचं. मी म्हणते आजी आहे ना, आजोबा आहेत ना, लेकरू त्यांच्याकडेच आहे ना, मग पालक तेच.

पट कमी असलेल्या शाळांनी तर आणखी जपून निवडावं. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार २०२३ मध्ये सरकारकडून पुढे आला होता, तेव्हा किती गावांची झोप उडाली. नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. सहा वर्षांची पोर ओढा ओलांडून पावसाळ्यात दुसऱ्या गावाला कशी जाणार, हे लेखी मांडणारी, त्यावर अडून बसणारी माणसं पाहिजेत. उभ्या असलेल्या प्रत्येकाला विचारा, उद्या असं पत्र आलं तर तुम्ही काय कराल. गप्प बसला तरी ते उत्तरच आहे.

निवड करायची कशी, तर जागांपेक्षा नावं जास्त आली की लोक घाबरतात, वाद नको, बिनविरोध करू म्हणतात. बिनविरोध वाईट नाही, पण नावं आधी वाचून दाखवा, प्रत्येकाला उभं राहून दोन वाक्यं बोलू द्या, आणि मग एकमत झालं तर झालं. नाही झालं तर हात वर करायला लावू नका. ज्याच्या शेतात रोजाने जातो त्याच्यासमोर कोण हात खाली ठेवणार? चिठ्ठ्या टाका, एक स्टीलचा डबा पुरतो, ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी नावापुढे चित्रं काढा, आंबा, बैलगाडी, पाटी, लेकरंसुद्धा हौसेने काढून देतात. मोजणी तिथेच, सगळ्यांसमोर. आणि निवडलेल्यांची नावं शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहून घ्या, म्हणजे बाई पाणी भरायला गेली तरी तिला वाचता येईल की आपण कोणाला पाठवलंय.

सभेची नोटीस निघाली का ह्याच्यावर लक्ष ठेवा, मुदत कधी संपते ते सरांना आत्ताच विचारून ठेवा. दिवाळीनंतर सभा ठेवली तर निम्मं गाव कारखान्याला, सभेला तेच पंधरा लोक. आमची दोन वर्षं ह्या ऑगस्टमध्ये संपतायत. सभा ऑगस्टमध्येच, रविवारी संध्याकाळी पाचला घ्या, आणि नावं आठ दिवस आधी फळ्यावर लावा, असा अर्ज आम्ही सतरा बायांनी मिळून दिलाय, पोच घेतलीय. सोळा सह्या आहेत त्यावर, आणि सगळ्यात वर आजींचा अंगठा.